रिगाकू सुपरमिनी२०० : सिलिको मॅंगनीजच्या स्लॅगसाठी कितपत कामाचं?

सिलिको मॅंगनीजच्या (पोलादाला लागणाऱ्या मॅंगनीज-सिलिकॉन-लोखंडाच्या मिश्रधातूच्या) भट्टीतून येणाऱ्या स्लॅगमधला, म्हणजे मळीतला, एमएनओ (मॅंगनीज ऑक्साइड) ९ टक्क्यांवरून १२ वर गेला, तरी टॅपिंगच्या वेळी, म्हणजे भट्टीतून वितळलेला माल बाहेर काढताना, डोळ्यांना फारसं काही कळत नाही. रंग हिरवटच असतो आणि स्लॅग वाहतोही छान, उलट जरा जास्तच पातळ वाहतो. हिशेब केला की मात्र पोटात गोळा येतो. टनभर स्लॅगमागे ३० किलो एमएनओ जास्त गेला, त्याला ०.७७४५ ने (एमएनओतल्या मॅंगनीजच्या वाट्याने) गुणलं की २३ किलो मॅंगनीज. तेवढ्या मॅंगनीजमध्ये ६२ टक्क्यांच्या ग्रेडचा ३७ किलो माल झाला असता, तो स्लॅगच्या ढिगावर जाऊन पडला. स्लॅग आणि धातूचं प्रमाण एकास एकच्या आसपास असेल, तर हा तोटा दर टन मालामागे आहे.

विदर्भात मॅंगनीजचं ओर (खनिज) मॉयल या सरकारी कंपनीच्या चिकला, डोंगरी बुजुर्ग, मनसर, कांद्री अशा खाणींतून निघतं आणि ते वितळवणाऱ्या भट्ट्याही फार लांब नाहीत. सेल या सरकारी पोलाद कंपनीचा चंद्रपूरचा फेरो अलॉय प्लांट, म्हणजे पूर्वीचा महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट, सगळ्यांना ठाऊक आहे. अशा मोठ्या प्लांटची लॅब मोठी असते. प्रश्न असतो तो एक-दोन सबमर्ज्ड आर्क भट्ट्या (इलेक्ट्रोड कच्च्या मालात बुडालेल्या विजेच्या भट्ट्या) चालवणाऱ्या मध्यम प्लांटचा. तिथे अजूनही सिलिका ग्रॅव्हिमेट्रीने (वजन करून), चुना-मॅग्नेशिया ईडीटीए या रसायनाच्या टायट्रेशनने आणि मॅंगनीज पर्सल्फेट टायट्रेशनने काढतात. पूर्ण रिपोर्ट हातात यायला निम्मी पाळी जाते, तोवर दोन टॅपिंग होऊन गेलेली असतात. नमुन्यावर एक्स-रे टाकून त्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या रिगाकू सुपरमिनी२०० या मशीनचं हे परीक्षण अशा प्लांटसाठी आहे.

सुपरमिनी२०० हा टेबलावर बसणारा वेव्हलेंग्थ डिस्पर्सिव्ह एक्सआरएफ आहे, म्हणजे मूलद्रव्यांतून निघणारी एक्स-रे किरणं क्रिस्टलने तरंगलांबीनुसार वेगळी करून मोजणारं मशीन. पॅलेडियमची ट्यूब, ५० किलोव्होल्ट आणि ४ मिलिअँपिअर, म्हणजे २०० वॅट. जमिनीवर बसणारी मोठी मशीनं एक ते चार किलोवॅटची असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना थंड पाण्याची लाइन लागते. इथे ट्यूब हवेवरच थंड होते. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात, जड पाण्यावर चिलर चालवणं किती जिकिरीचं असतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या एका गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको. चेंजरमध्ये १२ नमुने बसतात. क्रिस्टल तीन आहेत: जड मूलद्रव्यांना एलआयएफ २००, ॲल्युमिनियम-सिलिकॉनला पीईटी आणि मॅग्नेशियम-सोडियमला आरएक्स२५. डिटेक्टर दोन, सिंटिलेशन आणि गॅस-फ्लो. गॅस-फ्लोला पी-१० गॅस लागतो (९० टक्के आर्गॉन, १० टक्के मिथेन). मोजणी व्हॅक्युममध्ये होते, त्यामुळे घन नमुन्यांना हीलियमचा खर्च नाही.

आता मुख्य मुद्दा. टेबलावरचे ईडीएक्सआरएफ (क्रिस्टलऐवजी डिटेक्टरनेच किरणांची ऊर्जा ओळखणारे) यापेक्षा जलद असतात आणि बहुधा स्वस्तही पडतात, मग हे का घ्यायचं? उत्तर लोखंडात आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या एक्स-रेच्या ठरावीक रेषा असतात, केआल्फा मुख्य आणि केबीटा दुय्यम. मॅंगनीजची केबीटा रेषा ६.४९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि लोखंडाची केआल्फा ६.४० वर. ईडीच्या चांगल्या डिटेक्टरचंही रिझोल्यूशन इथे १३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात असतं, त्यामुळे दोन्ही रेषा एकाच ढिगाऱ्यात मिसळतात आणि सॉफ्टवेअर त्या गणिताने सोडवत बसतं. केबीटा ही केआल्फाच्या साधारण सातव्या हिश्शाची. म्हणजे स्लॅगमध्ये एमएनओ १० टक्के आणि एफईओ (लोखंडाचा ऑक्साइड) अर्धा टक्का असेल, तर लोखंडाच्या जागी दिसणाऱ्या शिखराचा मोठा भाग मॅंगनीजचाच असतो. एमएनओ हलला की एफईओही त्याच्याबरोबर खोटाखोटा हलतो. सुपरमिनीत एलआयएफ २०० क्रिस्टलवर लोखंडाची रेषा ५७.५ अंशांना आणि मॅंगनीजची केबीटा ५६.६ अंशांना येते. मध्ये जवळजवळ एक अंशाची मोकळी जागा, दोन शिखरं वेगळी उभी दिसतात.

सिलिको मॅंगनीजच्या स्लॅगमध्ये अर्ध्या टक्क्याच्या एफईओची एवढी काळजी का? कारण तो धातूच्या दाण्यांचा साक्षीदार आहे. भट्टीत लोखंड मॅंगनीजच्या आधी क्षपण होऊन धातूत उतरतं, त्यामुळे स्वच्छ स्लॅगमध्ये ते फारसं उरत नाही. नमुन्यात मात्र धातूचे बारीक दाणे अडकलेले असतात आणि एक्सआरएफला मॅंगनीज धातूतलं की ऑक्साइडमधलं हे ओळखता येत नाही. ते सगळं एमएनओ म्हणूनच छापतं. नमुन्यात एक टक्का धातू राहिला आणि धातूत ६२ टक्के मॅंगनीज असेल, तर एमएनओ ०.८ टक्क्याने फुगतो. त्याच धातूत १८-१९ टक्के लोखंड असतं, त्यामुळे एफईओही पाव टक्क्याच्या जवळपास वाढतो. दोन्ही आकडे एकदम या प्रमाणात चढले, तर भट्टीकडे बघण्याआधी नमुन्याकडे बघा. एमएनओ चढला आणि एफईओ जागेवरच राहिला, तर बहुधा भट्टीनेच मॅंगनीज सोडलंय. हा फरक सांगता येणं, हीच या मशीनची सिलिको मॅंगनीजवाल्यांसाठी सगळ्यात मोठी कमाई आहे. ती टिकवायची असेल तर पुढची सगळी शिस्त पाळावी लागते.

पहिली गोष्ट, नमुना. मशीन कितीही चांगलं असलं तरी पळीत जे येतं तेच ते मोजणार. एकाच टॅपहोलमधून (माल बाहेर काढायच्या भोकातून) धातू आणि स्लॅग मिळून येतात, तेव्हा टॅपहोलच्या धारेतून नमुना घेऊ नका. कॅस्केडमध्ये (एकापुढे एक खाली मांडलेल्या भांड्यांच्या रांगेत) धातू पहिल्या लॅडलमध्ये बसतो आणि स्लॅग ओसंडून पुढच्या पॉटमध्ये जातो. त्या ओसंडणाऱ्या धारेतून, टॅपिंग अर्ध्यावर आलं असताना, पळी भरा. पळी आधी तापवून पूर्ण कोरडी केलेली हवी. पळीला किंवा प्लेटला ओल असेल तर स्लॅग उडतो आणि माणूस भाजतो. पळीला चुन्याचा हात देण्याची सवय असेल तर ती सोडा, तो चुना सरळ सीएओच्या (कॅल्शियम ऑक्साइडच्या) आकड्यात जाऊन बसतो. स्लॅग कोरड्या बिडाच्या प्लेटवर ५-६ मिमी जाडीचा पातळ ओता आणि तसाच निवू द्या. रोज त्याच प्लेटवर, तेवढ्याच जाडीचा.

या जाडीमागे कारण आहे. झटकन निवलेला स्लॅग काचेसारखा होतो, सावकाश निवला की त्यात स्फटिक तयार होतात. दाबलेल्या पेलेटमध्ये (पूड दाबून केलेल्या वडीत) मॅग्नेशियमची किरणं वरच्या काही मायक्रॉनच्या थरातूनच बाहेर येतात, मॅंगनीजची त्याच्या कित्येक पट खोलवरून. त्यामुळे रासायनिक घडण तीच असली तरी काच आणि स्फटिक यांचे मॅग्नेशिया, ॲल्युमिना, सिलिकाचे आकडे वेगवेगळे येतात. एका पाळीत प्लेटवर पातळ ओतलेला नमुना आणि दुसऱ्या पाळीत पॉटच्या तळातून फोडलेला जाड ढेकूळ, अशी तुलना केली तर बेसिसिटी (चुना-मॅग्नेशियाचं सिलिकेशी प्रमाण) बदलल्याचा भास होतो. उदाहरण घ्या: सीएओ २०, एमजीओ (मॅग्नेशिया) ७, सिलिका ४२; (सीएओ + एमजीओ) भागिले सिलिका = ०.६४. नमुन्याच्या ढिलाईने सिलिका ४३.५ आणि सीएओ १९.५ दिसला की तीच बेसिसिटी ०.६१ होते. ती 'सुधारायला' पाळीप्रमुख टनभर स्लॅगमागे २८-२९ किलो डोलोमाइट जादा टाकणार. न लागणारं डोलोमाइट वीज खातं, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोक खातो, आणि पुढच्या टॅपिंगला खरोखरीची बिघडलेली बेसिसिटी हातात येते.

आता दाणे. लोखंडाच्या किंवा स्टीलच्या भट्टीवर काम केलेल्या माणसाला वाटतं, चुंबक फिरवला की धातू निघाला. इथे तसं होत नाही. सिलिको मॅंगनीजला चुंबक ओढत नाही. शिवाय तो ठिसूळ आहे. मऊ धातूसारखा चपटा होऊन चाळणीवर राहत नाही, स्लॅगबरोबर मुकाट्याने दळला जातो. म्हणून दळण्याच्या आधीच तो पकडायला हवा. नमुना २-३ मिमीपर्यंत फोडा, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा आणि टेबललँपचा उजेड तिरका पाडा. स्लॅगचा तुकडा हिरवट, काचेसारखा चमकतो. धातूचा दाणा करड्या रुपेरी रंगाचा आणि बोटावर घेतला तर आकाराच्या मानाने जड लागतो. चिमट्याने दिसेल तो दाणा काढा. स्लॅगच्या तुकड्यातच टाचणीच्या टोकाएवढा धातू रुतलेला दिसला तर तो तुकडाच बाजूला टाका. यात पाच मिनिटं जातात. चुंबकही फिरवाच, पण तो जॉ क्रशरचे झिजलेले पोलादी कण काढायला.

दळणासाठी टंगस्टन कार्बाइडचं भांडं घ्या. क्रोम स्टीलचं भांडं स्वस्त असतं, पण ते नमुन्यात लोखंड सोडतं, आणि आपण ज्या एफईओला साक्षीदार केलं त्याचीच साक्ष बिघडते. वर क्रोमियमची केबीटा मॅंगनीजच्या केआल्फाला खेटून असते ती वेगळीच. टंगस्टन कार्बाइडमधून टंगस्टन आणि कोबाल्ट येतात, ते स्लॅगच्या हिशेबात कुठे लागत नाहीत. टंगस्टनची एक एम रेषा सिलिकॉनजवळ पडते, पण पीईटी क्रिस्टलवर दोघांत तीन अंशांचं अंतर असल्याने या मशीनवर तिची चिंता नाही.

रेसिपी साधी आहे: ८ ग्रॅम स्लॅग दोन मिनिटं दळा, १.६ ग्रॅम मेणाची पूड घाला, आणखी ३० सेकंद फिरवा. पूड २०० मेशच्या चाळणीतून खाली गेली पाहिजे. ४० मिमीच्या ॲल्युमिनियम कपात भरून २० टनांवर ३० सेकंद दाबून ठेवा आणि दाब हळूहळू सोडा. झटक्यात सोडला तर आत कोंडलेली हवा पेलेटला तडा देते. पेलेटच्या तोंडाला बोट लावायचं नाही, घामातलं सोडियम आणि क्लोरीन आकड्यात दिसतं. कड सुटलेली, पापुद्रा धरलेली पेलेट मशीनमध्ये घालू नका; व्हॅक्युम ओढताच पूड उडते, चेंबर घाण होतो आणि साफसफाईला एक दिवस जातो. दळण्याचा वेळ ठरला की तो टायमरवरच ठेवा. दोन मिनिटं आणि साडेतीन मिनिटं यांत मॅग्नेशियाचा आकडा हलतो.

पेलेटऐवजी फ्यूज्ड बीड (स्लॅग वितळवून केलेली काचेची चकती) केला तर कणांचा आणि स्फटिकांचा हा सगळा घोळ मिटतो: ०.७ ग्रॅम स्लॅग, ७ ग्रॅम लिथियम बोरेट, १०५० अंशांवर प्लॅटिनम-सोन्याच्या क्रुसिबलमध्ये. अचूकतेत त्याला तोड नाही. पण सिलिको मॅंगनीजचा एक दाणा जरी राहिला, तर तो सिलिकॉन प्लॅटिनमशी मिश्रधातू बनवतो आणि क्रुसिबलला भोक पडतं. स्लॅगमधला सल्फाइडही प्लॅटिनमचा शत्रूच. त्यामुळे नमुना आधी हवेत भाजावा लागतो, आणि तिथे आणखी एक फसगत आहे: भाजताना स्लॅगचं वजन कमी होण्याऐवजी वाढतं. एमएनओचं एमएन३ओ४ होताना त्याच्याच वजनाच्या साडेसात टक्के प्राणवायू घेतो, म्हणजे १० टक्के एमएनओच्या स्लॅगमध्ये पाऊण टक्का. ही वाढ हिशेबात धरली नाही तर सगळे आकडे तेवढ्या प्रमाणात कमी दिसतात. म्हणून रोजच्या पाळीला पेलेट, आणि बीड फक्त कॅलिब्रेशनच्या व वादाच्या नमुन्यांना, ही विभागणी योग्य आहे.

कॅलिब्रेशनवर घाई करू नका. मशीनबरोबर सर्वसाधारण ऑक्साइडचा तयार प्रोग्राम मिळतो, तो अनोळखी नमुन्याची ओळख करून घ्यायला ठीक आहे. त्यावर भट्टी चालवू नका. मॅंगनीज स्लॅगची प्रमाणित संदर्भ-द्रव्यं बाजारात थोडीच मिळतात, त्यामुळे तुमच्याच भट्टीचे १५ ते २० नमुने जमवून, प्रत्येकाचं दोनदा वेट केमिस्ट्रीने (वरच्या जुन्या रासायनिक पद्धतींनी) विश्लेषण करून, त्यांवर रेषा बांधावी लागते. जुन्या केमिस्टला या मशीनने घरी बसवायचं नसतं, उलट पहिले दोन महिने त्याच्याशिवाय पान हलत नाही. ईडीटीए करताना मॅंगनीज आधी ब्रोमीन-अमोनियाने पाडून टाकलं का, हे त्याला नक्की विचारा. राहिलेलं मॅंगनीज चुन्यात मोजलं जातं आणि ती चूक कॅलिब्रेशनमध्ये कायमची मुरते. नमुने नेहमीच्या पट्ट्यातलेच नकोत. एमएनओ ५ चाही हवा आणि १६ चाही, म्हणजे भट्टी बिघडलेल्या दिवसांचे नमुने आवर्जून जपून ठेवा. हाय कार्बन फेरो मॅंगनीजचा स्लॅगही मोजायचा असेल, जो ३०-४० टक्के एमएनओचा असतो आणि पुढे सिलिको मॅंगनीजच्या चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या कच्च्या मालात) जातो, तर त्याचा प्रोग्राम वेगळा करा. ५ ते ४० टक्के एकाच रेषेवर ओढायला जाऊ नका.

मॅट्रिक्स करेक्शन (एका मूलद्रव्याचा दुसऱ्याच्या आकड्यावर होणारा परिणाम दुरुस्त करणारं गणित) सुरू ठेवाच. मॅंगनीजची किरणं कॅल्शियमला आतूनच उत्तेजित करतात, त्यामुळे एमएनओ ८ चा १४ झाला की चुना न बदलताही कॅल्शियमचे काउंट बदलतात. दुसरीकडे, बेरीज १०० वर आणून देणारं नॉर्मलायझेशन बंद ठेवा. ही आमची ठाम शिफारस आहे. बेरीज ९८.५ ते १०१ च्या बाहेर गेली तर काहीतरी चुकलंय हे सांगणारी ती एकमेव घंटा आहे, आणि नॉर्मलायझेशन ती घंटाच काढून टाकतं. सल्फर मात्र एसओ३ म्हणून लावू नका. या स्लॅगमध्ये तो सल्फाइडच्या रूपात असतो. एक टक्का सल्फर एसओ३ म्हणून लावला की बेरीज विनाकारण दोन टक्क्यांनी फुगते. बेरियमही यादीत ठेवा. मॅंगनीजच्या ओरात तो असतो आणि त्याची रेषा टायटॅनियमला चिकटून येते; इथे दोघं सुटी दिसतात, यादीत मात्र आधी घालावी लागतात.

वेगाचं सांगायचं तर हे मशीन एकेक मूलद्रव्य क्रमाने मोजतं. प्रत्येकाला ४० सेकंद, मॅग्नेशियमला ६०, वर बॅकग्राउंडचा वेळ. दहा मूलद्रव्यांना दहा मिनिटांच्या आसपास लागतात. ईडीएक्सआरएफ हेच काम तीन-चार मिनिटांत करतो. पण नमुना निवणं, फोडणं, दाणे वेचणं, दळणं, दाबणं हे सगळं धरून पळीपासून आकड्यापर्यंत अर्धा तास जातोच. मशीनची वाचलेली सहा मिनिटं सबमर्ज्ड आर्क भट्टीत कुठेच उपयोगी पडत नाहीत. इथे टॅपिंग काही तासांनी होतं, आणि आज बदललेलं चार्ज-मिक्स खाली उतरून स्लॅगमध्ये दिसायलाही कित्येक तास लागतात.

म्हणूनच एका टॅपिंगच्या आकड्यावर कोकचं प्रमाण बदलू नका. सलग तीन टॅपिंगची सरासरी बघा आणि शेजारी धातूचा सिलिकॉन ठेवा. एमएनओ चढतोय आणि धातूत सिलिकॉन उतरतोय, तर कोक कमी पडतोय किंवा भट्टी थंड आहे. पहिल्यांदा कोकचा ओलावा तपासा, पावसाळ्यात उघड्यावरच्या कोकचं वजन पाण्याने भरलेलं असतं. एमएनओ ठीक आहे पण सिलिकॉन उतरतोय, तर स्लॅगमध्ये चुना जास्त होऊन सिलिका बांधली गेलीय का ते बघा. एमएनओ ५ च्या खाली गेला म्हणून आनंद करू नका. एमएनओ स्वतःच स्लॅग पातळ ठेवतो. तो गेला की स्लॅग घट्ट होतो, टॅपहोलला अडतो, आणि जादा कोकमुळे इलेक्ट्रोड वर येऊ लागतात. ॲल्युमिना सावकाश चढत असेल तर कोक-कोळशाच्या राखेकडे बघा. फॉस्फरससाठी मात्र या आकड्यांचा उपयोग नाही. तो जवळजवळ सगळा धातूत उतरतो, त्याचा हिशेब ओर आणि कोकमध्येच करावा लागतो.

देखभालीत तीन गोष्टी जपायच्या. पहिली तापमान. पीईटी क्रिस्टल उष्णतेने प्रसरण पावतो आणि ॲल्युमिनियम-सिलिकॉनची शिखरं सरकतात. मशीनच्या आत तापमान स्थिर ठेवण्याची सोय आहे, पण खोलीचा एसी रात्री बंद करून सकाळी लावला तर आतलं संतुलन यायला वेळ लागतो आणि सकाळच्या पहिल्या नमुन्यांचा ॲल्युमिना विश्वासाचा राहत नाही. एसी आणि मशीन दोन्ही चोवीस तास चालू ठेवा. दुसरी पी-१० गॅस. प्रवाह मिनिटाला काही मिलिलिटर एवढाच असतो, ७ घनमीटरचं सिलिंडर वर्षभराहून जास्त टिकतं. रविवारी गॅस बंद करण्याची काटकसर महागात पडते, कारण डिटेक्टरमध्ये हवा शिरली की स्थिरावायला पुन्हा तास जातात. सिलिंडर अगदी रिकामं होईपर्यंत ओढू नका, दाब १० किलोच्या आसपास आला की बदला. नव्या सिलिंडरमधल्या मिथेनचं प्रमाण किंचित वेगळं असू शकतं, त्यामुळे पल्स हाइट (डिटेक्टरच्या सिग्नलची उंची) तपासून ड्रिफ्ट करेक्शन (मशीनच्या सरकलेल्या आकड्यांची दुरुस्ती) केल्याशिवाय नमुना लावायचा नाही. तिसरी, व्हॅक्युम पंपाचं तेल. मेणाची आणि स्लॅगची पूड अखेर तिथेच पोचते. तेल काळं पडलं की बदला.

ड्रिफ्टसाठी काचेचा मॉनिटर नमुना रोज सकाळी लावा. त्याशिवाय तुमच्याच स्लॅगची एक पेलेट डेसिकेटरमध्ये ठेवून ती दर पाळीला मोजा आणि भिंतीवरच्या तक्त्यावर एमएनओ, एफईओ आणि बेसिसिटीचे ठिपके द्या. काचेचा मॉनिटर मशीनची तब्येत सांगतो, पेलेट प्रोग्रामची.

वीज लॅबला भट्टीच्या फीडरवरून देऊ नका. आर्क हलला की व्होल्टेज नाचतं आणि काउंटमध्ये ते उमटतं. ऑनलाइन यूपीएस आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच. जॉ क्रशर दुसऱ्या खोलीत असू द्या, धूळ आणि हादरे दोन्हींसाठी. एक्स-रे उपकरण असल्याने एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवरचं काम खरेदीच्या बोलणीबरोबरच सुरू करा, मशीन दारात आल्यावर नाही. सॉफ्टवेअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकदा प्रोग्राम बांधून दिला की पाळीचा माणूस नमुन्याचं नाव टाकून बटण दाबतो, तेवढं ते सोपं आहे. कॅलिब्रेशनच्या पडद्यांवर मात्र शिकलेला माणूसच बसवा आणि पासवर्ड लावा.

कोणी घेऊ नये? स्टीलच्या लॅडल फर्नेसवाल्यांनी. तिथे हीटच (पोलादाची एक खेप) पाऊण तासाची असते आणि अर्ध्या तासाने आलेला स्लॅग रिपोर्ट वाचायला हीट थांबत नाही. शिवाय चुन्याने भरलेला तो स्लॅग निवताना डायकॅल्शियम सिलिकेटमुळे आपोआप भुकटी होतो आणि हवेतलं पाणी ओढतो, त्याची पेलेट तासाभरात फुगते. तिथे जलद, एकाच वेळी सगळी मूलद्रव्यं मोजणारं मशीन हवं. कोल्हापूरच्या क्युपोलावाल्यांनाही (ओतकामासाठी लोखंड वितळवणाऱ्यांनाही) हे मशीन गरजेपेक्षा मोठं होईल. हातातली एक्सआरएफ गन घेऊन काम भागेल का, असंही विचारलं जातं. ओर उतरवताना ट्रकवर मॅंगनीज-लोखंडाचा अंदाज घ्यायला ती उत्तम, पण हवेत मॅग्नेशियम तिला जेमतेम दिसतं, आणि मॅग्नेशियाशिवाय बेसिसिटी काढता येत नाही.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याच्या डेमो लॅबला तुमच्या भट्टीचा एकच स्लॅग दोन पिशव्यांत द्या: एक दाणे वेचलेला, दुसरा न वेचलेला. प्रत्येकाच्या पाच पेलेट करायला सांगा आणि प्रत्येक पेलेट दोनदा मोजायला लावा. वेचलेल्या पाच पेलेटचा एमएनओ एकमेकांशी ०.२ टक्क्याच्या आत जुळायला हवा आणि न वेचलेल्यांचा विखुरलेला दिसायला हवा, एफईओसकट. तो विखुरलेला तक्ता छापून आणा आणि सॅम्पलिंगच्या माणसाच्या टेबलासमोर लावा.